पाल दाखवा

टेस्टर उंबऱ्यावर ठेवला होता. खाली पेपरचा तुकडा. पेपर भिजलेला, टेस्टर बी भिजलेला.

मी गिऱ्हाईकाच्या गेटापर्यंत जाऊन परत आलो होतो. खिसा चाचपला तर टेस्टर न्हाई. टेस्टर म्हणजे काय, हे करंटमधी हात घालणाऱ्यालाच कळतं. टोक तारेला लावायचं, मागं बोट ठेवायचं, आतला दिवा पेटला की समजायचं, इथं जीव हाय, हात लावू नको. त्याच्या भरवशावर आमी संध्याकाळी घरी जातो. आन् तोच जर भिजला, आत पाणी शिरलं, तर करंट सरळ बोटात येतो. ओला टेस्टर कुणी वैऱ्याच्या हातात बी देत न्हाई.

आतून आजीचा आवाज आला, "तिथंच ठेवलाय. घे."

मी दारातूनच विचारलं, "ओला कसा झाला?"

"धुतलाय. देवघरापाशी राहिला होता ना."

आवाजात राग न्हवता. दूध तापवून ठेवलंय, असं घरच्या माणसाला सांगावं तसं तिनं सांगितलं. आन् मी काय केलं? काही न्हाई केलं. टेस्टर उचलला, शर्टाला पुसला, खिशात घातला, गाडीला किक मारली. मानवतच्या त्या गल्लीतून मोठ्या रोडला लागेस्तोवर छातीवर ओला डाग पडला होता. वारा लागला की तेवढीच जागा गार पडायची.

मी एसीचं काम करतो. त्यात बी इनडोअरचं, म्हणजे घरात भिंतीला टांगलेलं जे मशीन असतं त्याचं. ग्यास भरणारे, पाईप जोडणारे लय हायत. पण मशीन रिमोट घेईना, दिवा उगंच लुकलुकायला लागला, पंखा मधीच बंद पडायला लागला, की मालक मला पाठवायचे. मालक म्हणजे परभणीतल्या दुकानाचे मालक. आयटीआय झाल्यापासून मी त्यांच्याकडंच. घर सेलूला. घरात माय आन् आबा, म्हणजे माझा बाप. रोज रेल्वेनं परभणीला यायचं, दुकानाची गाडी घ्यायची, जिथं तकरार असंल तिथं जायचं.

मानवतचं ते घर एका कापड व्यापाऱ्याचं. त्याला सगळे शेठच म्हणतात. दुकानात, गोदामात, घरात, सगळीकडं आमच्याच मालकांनी एसी बसवलेले. हॉलमधी भिंतीला मशीन आन् त्याच्या खाली जरा बाजूला संगमरवरी देवघर. त्या दिवशीची तकरार फालतू होती. रिमोट दाबला तर मशीन ऐकंना. स्टुलावर चढलो, पुढचं झाकण उघडलं. रिमोटचा इशारा घेणारी छोटी पट्टी असती, तिची वायर ढिली झाली होती. शेठची म्हातारी आई, तीच ही आजी, खाली खुर्चीत बसून मायेनं विचारपूस करायलेली. गाव कोणतं, लग्न झालं का, जेवलास का लेकरा.

माझे दोनी हात मशीनमधी. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

माझी रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. ढोलकीवरचं, खणखणीत, जयंतीला चौकात वाजतं तसलं. हात काढावा तर पकडलेली वायर निसटती. म्हणून गाणं वाजत राहिलं. कडवं पुरं झालं. माझी नजर खाली गेली तर आजी उठली होती. तिनं देवघराची दारं अलगद लोटून घेतली, कडी लावली. मंग लांबच्या खुर्चीत जाऊन बसली. जेवलास का, हे तिनं परत विचारलं न्हाई. मी वायर बसवली, मशीन चालू करून दाखवलं, सामान आवरलं आन् त्या गडबडीत टेस्टर तिथंच राहिला.

त्या दिवसापासून मी कामावर जाताना फोन सायलेंट करायला लागलो. कुणी सांगितलं न्हवतं. माझं मीच.

आठवडा गेला न गेला, तिथून फोन आला. मशीन आपोआप चालू व्हायलंय. कुणी रिमोटला हात लावंना, तरी टिंग वाजतं, झडप उघडती, गार हवा सुटती. बंद करावं तर जरा वेळानं परत टिंग. दुपारच्याला सगळे झोपले की हमखास. घरातली सून घाबरली होती. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. तिनं मालकांना फोनवर सांगितलं, "त्या पोराचा हात लागल्यापासून हे असं झालंय."

मालकांनी मला समोर उभं केलं. "तुझ्या हाताला गुण न्हाई का रे?"

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. ढिली वायर बसवून चालू करून दिलेलं मशीन. हात लागल्यापासून म्हणजे काय? तरी माणूस लय विचित्र असतो. मी माझ्याच हाताकडं बघायला लागलो. रेल्वेत, जेवताना, झोपताना. वायर नीट दाबली होती ना? नख तर लागलं न्हाई कुटं?

परत गेलो. आजी दारातच म्हणाली, "चपला बाहेर. आणि देवघराकडे पाठ करू नको." देवघराची दारं आधीच लावलेली होती. मी स्टुलावर चढायच्या आत माझ्या डोळ्यादेखत मशीननं टिंग केलं आन् झडप उघडली. खरं सांगतो, मी स्टुलापासून मागं सरलो. मला कारण माहीत होतं तरी सरलो. मशीनच्या अंगावर एक बारकं बटण असतं, रिमोट हरवला तर हातानं चालू करायला. त्या बटणाच्या दोन टोकांमधी ओल गेली की मशीनला वाटतं, कुणीतरी बटण दाबलं. म्हणून ते उठून बसतं. भूत बीत काही न्हाई. ओल हाय.

पण ओल आली कुठून? मशीनचं पाणी मागच्या नळीतून जात होतं. वरून छत कोरडं. मी त्या बटणाची पट्टी काढली, पांढरट डाग होते, पुसले, नवी पट्टी बसवली. पुसताना एक वास आला. नाकानं तवाच ओळखला होता. मन मानायला तयार न्हवतं. मी मनाला म्हणलं, दमट हवेचा असंल.

त्या नव्या पट्टीचं बी आठ-पंधरा दिवसात तसंच झालं. मधल्या काळात माझी झोप उडाली. घरात एसी न्हाई, कुलर हाय, तरी डोळा लागला की कानात टिंग वाजायचं. उठून बसायचो. माय विचारायची, काय झालं? काही न्हाई म्हणायचो. समोर बाजेवर आबा जागेच असायचे, भिंतीकडं तोंड करून.

आबांचं आन् भिंतीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार न्हाई.

मी शाळेत असताना आबा सेलूला एका जिनिंगमधी होते. कापसातली सरकी जिथं काढतात तिथं सगळीकडं रुई उडती. ती मोटारीच्या पेटीत, स्विचच्या डब्यात जाऊन बसती. ती काढायला आत शिरावं लागतं. आत शिरायचं काम आमच्याच माणसांचं, हे कुणी सांगायची गरज नसायची. आबा आत शिरले की बाहेर मेन स्विचपाशी एक फिटर उभा करायचे, कुणी स्विच टाकू नये म्हणून. त्या दिवशी फिटर म्हणला, "ह्याच्या राखणीला मी उभा राहू का?" आन् जाऊन सावलीत बसला. दुसऱ्या कुणीतरी येऊन स्विच टाकला. आबांचा उजवा हात आत होता.

माय तिथंच आवारात कापूस निवडायला होती. फिटर काय म्हणला ते तिनं कानानं ऐकलं आन् तो सावलीत बसलेला डोळ्यानं बघितला.

मुकादमानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "पाल पडली डब्यात. पालीनं शॉर्ट झालं."

माय पुढं झाली. अंगावर रुई, तोंडाला बांधलेलं फडकं तसंच. म्हणली, "पाल दाखवा."

मुकादम म्हणला, "काय?"

"मेलेली पाल दाखवा मला. कुटंय?"

कुणी दाखवली न्हाई. दवाखान्यातून आबा घरी आले तवा मुकादम घरी आला. गेटावर बसायचं काम देतो म्हणला, बसल्या जागी पगार. फक्त कुणी विचारलं तर पाल म्हणायचं. माय बोलायला गेली तर आबाच तिला म्हणले, "गप बस. पालच होती."

तवापासून आमच्या घरात पालच होती. शाळेत पोरांनी विचारलं, बापाच्या हाताला काय झालं? पाल. पाव्हण्यांनी विचारलं? पाल. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात, आमच्या घरात तर भिंतीवरची खरीच चुकचुकायची. ती चुकचुकली की आबा जेवणावरून उठून बाहेर जाऊन उभे राहायचे. कधी तिला मारलं न्हाई त्यांनी. नुसते बघत बसायचे. ट्यूबलाईटमागून ती निघाली की त्यांचं बोलणं बंद. मी लहान असताना मला वाटायचं, आबांना पालीचं भ्याव वाटतं.

पुढं मी ह्याच धंद्यात आलो आन् मला कळलं, पाल हे किती कामाचं जनावर हाय. आमच्या धंद्यात ज्या बिघाडाचं नाव घ्यायचं नसतं त्याला पाल म्हणतात. आपल्याच माणसानं जोड नीट दिला न्हाई, पाल. पार्ट हलका घातला, पाल. गिऱ्हाईकानं पोचा मारताना पाणी घातलं आन् गिऱ्हाईक मोठं हाय, पाल. कुणाची इज्जत जात न्हाई, कुणी भांडत न्हाई. पाल काय तकरार करायला येती? मी बी कैकदा ऐकलं, मान हलवली. पण खरी पाल बी मी लय काढल्यात. दोन तारांवर मेली की तिथंच चिकटती, वाळून पापडावानी होती. उचकटून काढावी लागती. ती कुटं जात न्हाई. पहिली पाल अशी काढली तवा मला मायचं वाक्य आठवलं होतं आन् हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला होता.

तर तिसऱ्यांदा मानवतला गेलो. ह्या वेळी मशीन पार मेलं होतं. ना टिंग, ना दिवा. शेठ दुकान सोडून घरी थांबले होते. शेठ तसे मऊ बोलणारे, मला मिस्त्री म्हणायचे, तुमी म्हणायचे. आजी देवघरापाशी उभी. मी लाईट बंद करून उजव्या बाजूचा डबा उघडला, जिथं मेन बोर्ड असतो. वरच्या जाळीतून ओघळ खाली आलेले स्पष्ट दिसत होते. तांब्याच्या पिनांवर हिरवा-निळा गंज चढलेला. बोर्डावर पांढरी खारट पापडी. आन् वास.

आता नाकाशी भांडायचं काही राहिलं न्हवतं. ज्याच्या गावात गुरं हायत त्याला तो वास शिकवावा लागत न्हाई.

मी स्टुलावरूनच खाली बघितलं. देवघराच्या कडेला पितळी वाटी होती, वाटीत दुर्वांची जुडी. झाकलेली बी न्हवती. त्यांना झाकायची गरज वाटली न्हवती.

मी जातो. माझ्या पाठीमागं आजी ह्याच स्टुलावर चढती. जिथं माझा हात लागला तिथं गोमूत्र शिंपडती. मशीन बिघडतं. मंग माझ्या हाताचा दोष म्हणून आणखी शिंपडती. मला परत बोलवतात, परत हात लागतो, परत वाटी. रातरात मी ह्या हाताकडं बघत काढल्या होत्या. मी हात डब्यातून मागं घेतला. रागानं न्हाई, आधी शरमेनं. शरम मला कामून वाटावी? पण वाटली. ती सवय रक्तात मुरवलेली हाय.

शेठनं विचारलं, "काय निघालं मिस्त्री?"

"बोर्ड गेलाय."

"कशानं?"

मी ओघळांकडं बोट केलं. त्यांनी खुर्चीवर चढून बघितलं. वास त्यांना बी आला. त्यांनी वाटीकडं बघितलं, मंग आईकडं. तोंड उतरलं त्यांचं. त्यांनी मालकांना फोन लावला, दोन शब्द बोलले, मोबाईल स्पीकरवर टाकून माझ्यापुढं धरला.

मालक म्हणले, "हे बघ. पाल गेली म्हण. मी तसंच लिहून टाकतो. नवा बोर्ड बसव आन् ये."

"मालक, पाल न्हाई."

"मला कळालंय काय हाय ते. तू पाल म्हण. त्यांची सगळीकडची मशीनं आपल्याकडं हायत."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आम्ही जातपात मानत नाही. आईचं वय झालंय. पाल म्हणून मिटवून टाका ना."

आन् आजी. ती खरंच कळवळून बोलली. "राग मानू नको लेकरा. तुझ्यासाठी नाही शिंपडलं. देवासाठी शिंपडलं."

फोनवर मालक, समोर शेठ, खाली आजी. तिघांना बी माझ्या तोंडून एकच शब्द पाहिजे होता. आन् तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. खोटं कशाला बोलू? आलाच होता. दोन अक्षरं. म्हणलं की बोर्ड बसवायचा, चहा प्यायचा, संध्याकाळची रेल्वे धरायची. मला स्टुलावर उभ्या उभ्या आबांचा आवाज आला, मायला गप करणारा. गप बस. पालच होती.

मी म्हणलो, "पाल दाखवा."

शेठ म्हणाले, "काय?"

"मशीन उघडं हाय. वर या आन् मेलेली पाल दाखवा मला. दाखवली तर म्हणतो."

फोनमधून मालकांनी माझं नाव घेऊन शिवी दिली. शेठनं फोन बंद केला.

"पाल न्हाई ही," मी म्हणलो. "गोमूत्र हाय. माझा हात लागला म्हणून घातलेलं. तुमी एकदा माझ्यासमोर हे तोंडानं म्हणा, मी आत्ता बोर्ड बसवतो."

शेठनं फोन खिशात घातला. ओठ हलले त्यांचे. आई बघत होती. मंग म्हणाले, "उगीच तमाशा करू नका. झाकण लावा आणि जा."

मी झाकण लावलं न्हाई. डबा उघडाच ठेवला, तो गंज हॉलमधी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा. स्टुलावरून उतरलो. टेस्टर खिशात हाय का बघितलं. होता. कोरडा होता.

दुकानात पोचायच्या आत निरोप पोचला होता. मालक मान वर न करता म्हणले, "शेठची माफी मागून ये. न्हाई तर उद्यापासून येऊ नको."

मी गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आन् स्टेशनला आलो.

सेलूला उतरलो तवा दिवेलागण झाली होती. माय चुलीपुढं भाकरी थापायलेली. आबा बाजेवर. मी सगळं सांगितलं. टेस्टरपासून किल्लीपर्यंत. आबा भिंतीकडं बघत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणले, "पाल म्हणायचं होतंस. काय जात होतं?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. बोटं आत वळलेली, मनगटापाशी कातडं ताणलेलं. नेहमीसारखा त्यांनी तो टॉवेलाखाली घेतला.

"तुमचा हात गेला, आबा."

मायचं थापणं थांबलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं ती उलटली न्हाई. मला वाटलं, आबा उठून बाहेर जातील. गेले न्हाईत.

"न्हवती," ते म्हणले.

मायला ऐकू आलं होतं. तरी तिनं विचारलं, "काय न्हवती?"

"पाल. न्हवती पाल."

एवढं बोलायला त्यांना अर्धी जिंदगी लागली. मला वाटायचं, हे एकदा ऐकलं की डोक्यावरचा भार उतरंल. उतरला न्हाई. उलट घरातल्या सगळ्या भिंती नव्यानं दिसायला लागल्या. त्या गेटावर बसून आणलेल्या पगारावर मी शिकलो. ज्या टेस्टरवर माझं पोट हाय तो बी त्याच पगारातून घेतलेला. पालीच्या पगारातून. माय रडली न्हाई. करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली आन् म्हणली, "मी तवाच म्हणलं होतं."

जिनिंग अजून हाय. पत्रे नवे हायत, मालक दुसरे हायत. मुकादम म्हातारा झालाय, पण जिता हाय. गेटाजवळच्या टपरीवर सकाळी चहा प्यायला बसतो, चार माणसं भवती असतात. मी स्टेशनला जाताना मला हटकून विचारतो, "काय रे, बापाचं बरं हाय का?" आजपर्यंत मी म्हणत आलो, हाव, बरं हाय.

उद्या म्हणणार न्हाई. उद्या मला रेल्वे गाठायची न्हाई. उद्या आमी तिघं त्या टपरीवर जाणार हाव. हात टॉवेलाखाली घ्यायचा न्हाई, असं मायनं आबांना बजावलंय. त्यांनी मान हलवली न्हाई, पण न्हाई बी म्हणले न्हाईत. माझा फोन खिशात असंल, सायलेंट नसंल, वाजला तर पुरं कडवं वाजू देणार. आन् मुकादमानं बापाचं बरं हाय का विचारलं की त्या चार माणसांपुढं आबांचा हात पुढं करणार आन् एवढंच म्हणणार.

पाल दाखवा.